कोंडीत झिजणारा गिअरबॉक्स

सकाळी पावणेनऊच्या सुमारास बोरिवलीहून अंधेरीकडे निघालेली मोटार पश्चिम द्रुतगती महामार्गावर कांदिवलीच्या आकुर्ली रस्त्यापाशी पहिल्यांदा थबकते, मालाडच्या पठाणवाडीपाशी दुसऱ्यांदा, गोरेगावच्या आरे चौकाआधी तिसऱ्यांदा. आणि जोगेश्वरीला विक्रोळीकडून येणाऱ्या जोडरस्त्याची वाहने येऊन मिळाली, की मग थांबणे आणि चालणे यांत फारसा फरकच उरत नाही. अंतर जेमतेम पंधरा किलोमीटरचे. या प्रवासात किती पेट्रोल जळाले, किती वेळ गेला आणि किती मनस्ताप झाला, याची चर्चा कार्यालयात पोहोचल्यावर होते. डाव्या पायाने क्लच किती वेळा दाबला, याचा हिशेब मात्र कोणी ठेवत नाही. तो हिशेब दोन-तीन वर्षांनी गॅरेजच्या बिलातून समोर येतो आणि ‘गाडी तर फार फिरलेलीच नाही’ असे म्हणत मालक चकित होतो.

मोटारीच्या देखभालीचे वेळापत्रक प्रामुख्याने किलोमीटरवर बेतलेले असते. अमुक हजार किलोमीटरला इंजिन ऑइल, तमुक हजारांना गिअर ऑइल, अशी ती मांडणी. मोकळ्या रस्त्यावर धावणाऱ्या गाडीला ती बऱ्यापैकी लागू पडते. उपनगरातल्या गाडीच्या बाबतीत मात्र ती फसवी ठरते. कारण क्लच आणि गिअरबॉक्स यांची झीज गाडी किती दूर गेली यापेक्षा ती किती वेळा थांबून पुन्हा निघाली आणि किती तास तापत राहिली, यावर अधिक अवलंबून असते. एक साधे गणित मांडून पाहावे. ताशी ६० किलोमीटरच्या सरासरीने ४० हजार किलोमीटर कापायला सुमारे ६७० तास लागतात. ताशी १५ किलोमीटरच्या सरासरीने तेच अंतर कापायला सुमारे २,६७० तास लागतील. दोन्ही गाड्यांच्या मीटरवरचा आकडा एकच. पण दुसरीतले तेल आणि बेअरिंग चौपट वेळ राबलेले. थांबून निघण्याचे प्रमाण तर चौपटीतही मावणारे नाही. कोंडीत दर शंभर मीटरला एकदा गाडी थांबून निघते असे धरले, तर दहा किलोमीटरमध्ये क्लचवर शंभर वेळा भार येतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाच्या साडेचौऱ्याण्णव किलोमीटरमध्ये, बोरघाटातली रखडपट्टी वगळली, तर असे प्रसंग हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच येतात.

हे मोटारउत्पादकांनाही ठाऊक आहे. गाडीबरोबर मिळणारी आणि सहसा डॅशबोर्डच्या खणात न उघडता पडून राहणारी माहितीपुस्तिका काढून पाहिली, तर अनेक कंपन्यांच्या पुस्तिकांमध्ये देखभालीची दोन वेगवेगळी वेळापत्रके आढळतात. एक सर्वसाधारण वापरासाठी आणि दुसरे खडतर वापरासाठी. खडतर वापर म्हटल्यावर लडाखचे रस्ते किंवा राजस्थानची वाळू डोळ्यांसमोर येते. परंतु त्या यादीत सतत कमी वेगाने चालणे, बराच काळ इंजिन चालू ठेवून उभे राहणे, वारंवार थोड्या अंतराच्या फेऱ्या मारणे आणि धुळीच्या रस्त्यांवरून जाणे यांचाही समावेश असतो. लालबहादूर शास्त्री मार्गावरून, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या एलबीएस मार्गावरून, घाटकोपर ते मुलुंड असा रोजचा प्रवास करणाऱ्या गाडीला यांपैकी एकही अट चुकत नाही. २०१८ नंतर या मार्गावर मेट्रो-४ चे काम सुरू झाल्यापासून तर धूळ आणि अरुंद मार्गिका यांचीही त्यात भर पडली. असे असूनही मालक सर्वसाधारण वापराचेच वेळापत्रक पाळतो, कारण स्वतःची गाडी ‘खडतर’ वापरात मोडते हे त्याच्या मनातही येत नाही.

अर्धवट दाबलेला क्लच

इंजिन सतत फिरत असते आणि चाके मात्र कधी थांबतात, कधी फिरतात. या दोहोंना जोडणारा आणि तोडणारा दुवा म्हणजे क्लच. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाचे जड लोखंडी चाक असते. त्याला चिकटून क्लच प्लेट बसते. ही एक गोल तबकडी असून तिच्या दोन्ही अंगांना घर्षण सोसणाऱ्या पदार्थाचे अस्तर असते. तिला मागून प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोराने फ्लायव्हीलवर दाबून धरते. पायाखालचे पेडल दाबले, की क्लच बेअरिंग पुढे सरकून स्प्रिंगचा जोर सैल करते, तबकडी मोकळी होते आणि इंजिनाचा गिअरबॉक्सशी संबंध तुटतो. पेडल सोडले, की तबकडी पुन्हा घट्ट धरली जाते.

पेडल पूर्ण सोडलेले असताना अस्तर झिजत नाही आणि पूर्ण दाबलेले असतानाही ते जवळपास झिजत नाही. झीज होते ती या दोहोंच्या मधल्या अवस्थेत, जेव्हा तबकडी फ्लायव्हीलवर घासत असते. चालकांच्या बोलीत यालाच ‘हाफ क्लच’ म्हणतात. गाडी जागची हलवताना तो टाळता येत नाही. सेकंद-दोन सेकंद घासणे तिच्या नशिबी असतेच. प्रश्न उरलेल्या वेळेचा आहे.

उड्डाणपुलाच्या चढावर वाहनांची रांग लागलेली असते. पुढची गाडी दोन-दोन हात सरकते. अशा वेळी ब्रेक लावण्याऐवजी क्लच अर्धा सोडून आणि अ‍ॅक्सिलरेटरवर किंचित पाय ठेवून गाडी जागच्या जागी तोलून धरणे, ही अनेकांना कौशल्याची परिसीमा वाटते. त्या कौशल्याची किंमत हिशेबाने काढता येते. एक हजार किलो वजनाची छोटी मोटार, वीस मीटरला एक मीटर असा साधारण चढ आणि मिनिटाला बाराशे फेऱ्या घेणारे इंजिन असे धरले, तर क्लचमध्ये सुमारे १,३०० वॅट एवढी उष्णता निर्माण होते. घरातली कपड्यांची इस्त्री साधारण एक हजार वॅटची असते. म्हणजे चढावर गाडी क्लचवर तोलून धरणे, हे चहूबाजूंनी बंद असलेल्या घंटेच्या आकाराच्या कवचात इस्त्री पेटती ठेवण्यासारखे आहे. इस्त्रीला निदान आपोआप बंद होण्याची सोय असते. काही मिनिटांतच जळक्या पुठ्ठ्यासारखा उग्र वास येऊ लागतो. तो अस्तर भाजत असल्याचा वास. एकदा भाजलेले अस्तर काचेसारखे गुळगुळीत होते, त्याची पकड घटते, आणि पकड घटली की ते आणखी घसरून आणखी तापते.

चढावर हँडब्रेक लावून थांबणे आणि निघताना क्लचची पकड जाणवू लागली की हँडब्रेक सोडणे, हा यावरचा जुना उपाय. वाहनचालन शाळेत तो शिकवला जातो आणि परवाना हाती आल्यावर बहुधा विसरला जातो. मागची गाडी अगदी बंपरला भिडून उभी असली की नवशिक्या चालकाचा धीर सुटतो आणि पाय आपोआप क्लचचा आधार शोधतो, हेही खरे. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्यावरचे चढ असोत किंवा मुलुंडच्या योगी हिल परिसरातले, ज्यांना तेथून रोज जावे लागते त्यांनी हँडब्रेकची दोरी वेळच्या वेळी ताणून घेणे हा क्लच वाचवण्याचाच एक भाग आहे. हँडब्रेक ढिला असेल, तर त्याचे काम नकळत क्लचच्या माथी येते.

अंधेरीकरांना या सगळ्याचा सक्तीचा अनुभव मिळाला. रेल्वेमार्गावरून पूर्व आणि पश्चिम जोडणारा गोपाळ कृष्ण गोखले पूल नोव्हेंबर २०२२ मध्ये वाहनांसाठी बंद झाला. त्याची एक बाजू फेब्रुवारी २०२४ मध्ये खुली झाली. मधले सुमारे सव्वा वर्ष पलीकडे जाण्यासाठी विलेपार्ले, जोगेश्वरी किंवा सबवेच्या वाटेने रांगा लावाव्या लागल्या. त्या काळात ज्या गाड्यांच्या मीटरवर किलोमीटर थोडे वाढले, त्यांच्याच क्लचचे आयुष्य मात्र झपाट्याने आटले.

आणखी दोन सवयी अशाच नकळत जडतात. एक, डावा पाय कायम क्लचच्या पेडलवर टेकवून ठेवणे. पायाचे नुसते ओझे पडले, तरी क्लच बेअरिंग स्प्रिंगला टेकून फिरत राहते. ते आधी आवाज करू लागते आणि नंतर खराब होते. दुसरी, गाडी चालवताना डावा हात गिअरच्या दांड्यावर विसावणे. त्या हाताचा भार आतल्या सिलेक्टर फोर्कवर, म्हणजे गिअर सरकवणाऱ्या काट्यावर येतो. हा काटा गिअर बदलण्याच्या क्षणापुरता दाब सोसण्यासाठी असतो, तासभर हात टेकायला नव्हे. सिग्नलला अर्ध्या मिनिटाहून अधिक थांबायचे असेल, तर गाडी न्यूट्रलमध्ये घेऊन पेडल सोडून द्यावे. कोंडीत पुढच्या गाडीला चिकटून इंच-इंच सरकण्यापेक्षा थोडे अंतर पडू द्यावे आणि मग पहिल्या गिअरमध्ये पेडल पूर्ण सोडून ते अंतर कापावे. त्या अंतरात शेजारची रिक्षा शिरणार, ही भीती रास्त आहे. ती शिरू द्यावी. नवा क्लच रिक्षाला वाट दिल्याने पडणाऱ्या दोन मिनिटांपेक्षा बराच महाग असतो.

दोष क्लचचा की गिअरबॉक्सचा?

गिअर अडकू लागला, खरखर करू लागला, की ‘गिअरबॉक्स गेला’ असे निदान घाईने केले जाते. प्रत्यक्षात अशा अनेक तक्रारींचे मूळ क्लचमध्ये, एखाद्या केबलमध्ये किंवा इंजिनाखालच्या रबरी माउंटिंगमध्ये असते. गिअरबॉक्स उघडणे हे मोठे आणि खर्चाचे काम. म्हणून ते मान्य करण्यापूर्वी मालकाने काही साध्या चाचण्या स्वतः करून पाहाव्यात. त्यांना कोणतेही हत्यार लागत नाही.

पहिली चाचणी उभ्या गाडीत करायची. इंजिन बंद ठेवून, क्लच दाबून सगळे गिअर एकेक करून टाकून पाहावेत. मग इंजिन सुरू करून तेच करावे. इंजिन बंद असताना गिअर सहज पडत असतील आणि सुरू केल्यावर अडत असतील, विशेषतः रिव्हर्स टाकताना करकर होत असेल, तर क्लच पूर्णपणे सुटत नाही असे समजावे. केबल ताणली गेली असेल. हायड्रॉलिक क्लच असल्यास त्यात हवा शिरली असेल किंवा तेल गळत असेल. हे काम तुलनेने किरकोळ आहे. दोन्ही वेळा गिअर सारखेच जड जात असतील, तर दोष बहुधा दांड्यापासून गिअरबॉक्सपर्यंत जाणाऱ्या शिफ्टर केबलमध्ये किंवा तिच्या झिजलेल्या बुशमध्ये असतो. याही दुरुस्तीसाठी गिअरबॉक्स उतरवण्याची सहसा गरज पडत नाही.

दुसरी चाचणी कानाची. गाडी न्यूट्रलमध्ये उभी करून इंजिन सुरू ठेवावे आणि पेडल दाबून-सोडून आवाज ऐकावा. पेडल दाबल्यावर घुर्रर्र असा आवाज सुरू होत असेल, तर क्लच बेअरिंग संशयित. उलट पेडल सोडलेले असताना आवाज येत असेल आणि दाबताच थांबत असेल, तर गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टचे बेअरिंग झिजल्याची शक्यता अधिक. कारण पेडल सोडलेले असताना तो शाफ्ट फिरतो आणि दाबल्यावर थांबतो. एवढा एक फरक मिस्त्रीला नीट सांगता आला, तरी निदानाचे निम्मे काम होते.

क्लच घसरतो आहे का, हे चालत्या गाडीत कळते. मोकळ्या रस्त्यावर, किंचित चढ असेल तर उत्तम, तिसऱ्या किंवा चौथ्या गिअरमध्ये अ‍ॅक्सिलरेटर जोरात दाबावा. इंजिनाचा आवाज आणि फेरे एकदम वाढले, पण गाडीचा वेग त्या प्रमाणात वाढला नाही, तर प्लेट पकड सोडते आहे. दिवसाउजेडी भरलेल्या रस्त्यावर हा प्रयोग करू नये, हे वेगळे सांगायला नको. गाडी निघताना थरथरत असेल, तर कारणे वेगळी: तबकडीवर तेल उतरलेले असणे, फ्लायव्हील तापून त्यावर डाग पडलेले असणे किंवा इंजिनाचे माउंटिंग तुटलेले असणे.

खुद्द गिअरबॉक्सचा दोष सहसा निवडक असतो. बाकी सर्व गिअर ठीक आणि फक्त दुसरा टाकताना खरखर, असे होऊ लागले तर त्या गिअरची सिंक्रोनायझर रिंग झिजलेली असते. हे एक पितळी कडे असते आणि गिअर जुळण्यापूर्वी दोन्ही चाकांचा वेग सारखा करण्याचे काम ते करते. कोंडीत सर्वाधिक वेळा ये-जा होते ती पहिल्या आणि दुसऱ्या गिअरमध्ये. म्हणून शहरी गाडीत दुसऱ्या गिअरची रिंग बहुधा आधी बोलू लागते. गिअर आपोआप निसटून न्यूट्रलमध्ये येऊ लागला, तर मात्र दुर्लक्ष करू नये. उतारावर तो निसटला, तर इंजिनाचा अटकाव त्याच क्षणी नाहीसा होतो.

पद्मिनीचे गॅरेज आणि आजचे

कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कारखान्यातून १९६४ पासून फियाट ११०० डिलाइट ही मोटार बाहेर पडू लागली आणि १९७४ पासून ती प्रीमियर पद्मिनी या नावाने ओळखली गेली. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीचे रूप अनेक दशके या गाडीने व्यापले होते. गिअरचा दांडा स्टिअरिंगच्या खांबाला, चार गिअर, इंजिन पुढे आणि फिरकी मागच्या चाकांना. इंजिन, गिअरबॉक्स, लांब प्रोपेलर शाफ्ट आणि मागचे डिफरन्शियल असे सगळे सुटे-सुटे असल्याने एकेका भागापर्यंत हात पोहोचत असे. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि ही रचनाच बदलली. इंजिन आडवे झाले, पुढची चाके फिरू लागली आणि गिअरबॉक्स व डिफरन्शियल एकाच कवचात आले. जागा वाचली, वजन घटले. पण क्लचपर्यंत पोहोचायचे तर पुढच्या चाकांचे शाफ्ट काढा, माउंटिंग सोडवा, इंजिनाला खालून आधार द्या, अशी जुळवाजुळव आली. टॅक्सीसाठीची वीस वर्षांची वयोमर्यादा भरल्याने ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली. तिच्याबरोबर रस्त्याच्या कडेला पथारी मांडून गिअरबॉक्स उतरवणाऱ्या मिस्त्रींची एक पिढीही बाजूला झाली.

आजच्या गाडीत गिअरबॉक्स उतरवण्याची मजुरी हाच खर्चाचा मोठा वाटा असल्याने, तो एकदा उतरवला की आतले काम अर्धवट ठेवणे शहाणपणाचे नसते. ‘प्लेट फक्त बदला, बाकी चालेल’ असा आग्रह मालकच अनेकदा धरतो. काही महिन्यांनी बेअरिंग ओरडू लागते आणि तीच मजुरी पुन्हा भरावी लागते. म्हणून क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि क्लच बेअरिंग हा संच एकत्रच बदलावा. त्याच वेळी फ्लायव्हीलचा पृष्ठभाग तपासून घ्यावा आणि इंजिनाच्या मागच्या ऑइल सीलमधून तेल झिरपत नाही ना, हे पाहून घ्यावे. सील फारसे महाग नसते, पण त्यातून उतरलेले तेल नव्या प्लेटची धूळधाण करते. काढलेले जुने भाग मालकाने मागून घ्यावेत. ते घरी नेण्यासाठी नव्हे, तर पाहण्यासाठी. अस्तर रिव्हेटपर्यंत सारखे झिजलेले असेल, तर क्लचचे आयुष्य सरळ मार्गाने संपले. अस्तर शिल्लक असून काळे-निळे भाजलेले असेल, तर दोष चालवण्याच्या पद्धतीत आहे. तेलकट असेल, तर गळती शोधलीच पाहिजे. मजुरीइतकीच ही माहितीही मोलाची असते.

जुन्या गाड्यांच्या बाबतीत गिअरबॉक्स दुरुस्त करण्यापेक्षा कुर्ल्याच्या सीएसटी रोडसारख्या बाजारातून वापरलेला गिअरबॉक्स आणून बसवणे स्वस्त पडते, असे सुचवले जाते. हा पर्याय सरसकट वाईट नाही. मात्र गिअरबॉक्स त्याच मॉडेलचा आणि त्याच इंजिनासाठीचा असावा, हाताने शाफ्ट फिरवून सगळे गिअर पडतात का ते पाहावे, तेलात धातूचा चुरा नाही ना हे तपासावे आणि रीतसर बिल घेतल्याशिवाय व्यवहार करू नये.

तेलाविषयीचे गैरसमज

इंजिन ऑइल बदलण्याची आठवण सर्वांना असते. गिअर ऑइल मात्र विस्मरणात जाते, कारण ते जळत नाही, काळे पडून डोळ्यांत भरत नाही आणि बहुतेक छोट्या गाड्यांत ते मोजण्यासाठी दांडीही नसते. पातळी पाहायची तर गाडी सपाट जागी उचलून बाजूचा बोल्ट सोडवावा लागतो. त्यामुळे सर्व्हिसिंगच्या यादीत त्यापुढे नुसती खूण होते. एक्सल जेथे गिअरबॉक्समध्ये शिरतो, तेथल्या सीलमधून थेंब-थेंब गळती होत राहिली, तरी महिनोन्‌महिने कोणाच्या लक्षात येत नाही. इमारतीच्या आवारात रोज ठरलेल्या जागी गाडी उभी करणाऱ्यांनी अधूनमधून खालची फरशी पाहावी. पुढच्या चाकांच्या मधोमध, एका बाजूला पडलेला पिवळसर-तपकिरी चिकट डाग हा बऱ्याचदा पहिला इशारा असतो.

तेल कोणते, यालाही महत्त्व आहे. अनेक मॅन्युअल गिअरबॉक्सना जीएल-४ प्रतीचे तेल सांगितलेले असते. जीएल-५ हा आकडा मोठा म्हणून तेल अधिक चांगले, असा समज करून घेऊन ते ओतले जाते. जीएल-५ तेलात जबर दाब सोसण्यासाठी गंधक आणि फॉस्फरसयुक्त घटकांचे प्रमाण अधिक असते. डिफरन्शियलच्या दातांना ते उपकारक ठरतात. परंतु सिंक्रोनायझरच्या पितळी कड्यांना त्यांतले काही घटक बाधू शकतात. शिवाय तेल जास्त बुळबुळीत झाले, तर त्या कड्यांना हवी असलेली पकडच मिळत नाही. पुस्तिकेत जी प्रत आणि जो दाटपणा लिहिला असेल, तोच वापरावा. ‘त्याहून भारी’ तेलाचा मोह टाळावा.

ऑटोमॅटिक गाडीच्या मालकाला हे सगळे आपल्याला लागू नाही असे वाटते. ते अर्धेच खरे आहे. २०१४ मध्ये मारुती सुझुकीच्या सेलेरिओबरोबर एएमटी हा प्रकार सामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आला. यात डावे पेडल नसते, पण क्लच असतो. साधाच मॅन्युअल गिअरबॉक्स आणि साधीच क्लच प्लेट. फक्त पायाचे काम एक यंत्रणा करते. साहजिकच चढावर ब्रेकऐवजी अ‍ॅक्सिलरेटरने गाडी रोखून धरली, तर येथेही तेच भाजणे होते. कोरड्या क्लचच्या ड्युअल क्लच गिअरबॉक्सलाही हाच नियम लागू आहे. टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गाडीत प्लेटऐवजी तेलच फिरकी पोहोचवते, त्यामुळे इंच-इंच सरकणे तिला सोसते; मात्र उष्णता तेलात जाते. ‘आजीवन तेल, बदलण्याची गरज नाही’ असे काही मोटारकंपन्या सांगतात. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बनवणारी जर्मनीची झेडएफ ही कंपनी स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा आठ वर्षांनी तेल बदलण्याची शिफारस करते. आजीवन म्हणजे कोणाचे जीवन, गाडीचे की वॉरंटीचे, हा प्रश्न मालकाने विचारायला हरकत नाही. सीव्हीटीला तर तिच्यासाठीच ठरवलेले तेल लागते. तेथे पर्यायी तेल चालत नाही. बंद पडलेली ऑटोमॅटिक गाडी दोरीने ओढून नेणेही धोक्याचे, कारण इंजिन बंद असताना गिअरबॉक्समध्ये तेल फिरवणारा पंप बंद असतो आणि चाके मात्र आतले भाग कोरडेच फिरवत राहतात. अशी गाडी फिरणारी चाके उचलून किंवा सपाट ट्रकवर चढवूनच न्यावी.

साचलेले पाणी

२६ जुलै २००५ या दिवशी सांताक्रूझच्या वेधशाळेत चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. त्याच काळात कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर. शहराच्या दक्षिण टोकाला फारशी झळ बसली नाही आणि उपनगरांत मात्र मोटारी खिडक्यांपर्यंत बुडाल्या. पाणी ओसरल्यावर इंजिनात पाणी गेल्याची चिंता सर्वांनी केली. गिअरबॉक्सचा विचार अनेकांनी केला नाही, कारण तो सर्व बाजूंनी बंद असतो असा समज.

तो पूर्ण बंद नसतो. आतली हवा तापून फुगते तेव्हा तिला बाहेर पडायला माथ्यावर एक छोटी नळी ठेवलेली असते. कोंडीत तापलेला गिअरबॉक्स एकाएकी गार पाण्यात शिरला, की आतली हवा आकसते आणि ती नळी किंवा सीलची फट बाहेरचे पाणी आत ओढून घेते. त्यासाठी गाडी बुडावी लागत नाही. नळीच्या उंचीपर्यंत किंवा सील बुडण्याइतके पाणी आणि थोडा वेळ पुरतो. अंधेरीचा सबवे जवळजवळ दर पावसाळ्यात पाण्याखाली जाऊन बंद होतो. तो बंद होण्याच्या आधीच्या पाच-दहा मिनिटांत ‘एवढ्या पाण्यातून निघून जाऊ’ म्हणणाऱ्या गाड्यांवर हा प्रसंग येतो. गाडी पलीकडे निघते, चालतेही. तेलात मिसळलेले पाणी मात्र बेअरिंगांना गंज चढवत राहते आणि तक्रार दिवाळीच्या आसपास सुरू होते. तोवर पावसाचा आणि आवाजाचा संबंध कोणाला आठवत नाही. ऑटोमॅटिकमध्ये नुकसान लवकर होते. आतल्या क्लचचे कागदी अस्तर पाण्याने सुटू लागते.

पाण्यात गाडी बंद पडली, तर ती पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न करू नये. चावी फिरवल्याने झालेले नुकसान अनेक विमा पॉलिसी भरून देत नाहीत. इंजिन आणि गिअरबॉक्ससाठी वेगळे जादा संरक्षण मिळते. त्याच्या अटी जूनच्या आधी वाचून ठेवाव्यात. चाकाच्या मध्यापर्यंत पाण्यातून गेलेल्या गाडीचे गिअर ऑइल किलोमीटर न पाहता तपासून घ्यावे. दुधाळ, चहासारखा रंग दिसला, तर ते लगेच बदलावे आणि थोड्या दिवसांनी पुन्हा एकदा बदलावे, कारण पहिल्या खेपेत सगळे पाणी निघत नाही. रंगावरून खात्री होत नसेल, तर रात्रभर गाडी हलवू नये. पाणी तेलापेक्षा जड असल्याने मिसळून न गेलेले पाणी तळाशी बसते. सकाळी मिस्त्रीला ड्रेन प्लग किंचित सैल करायला सांगून पहिले थेंब कशाचे पडतात, एवढे पाहिले तरी पुरते.